शेवटच्या दिवसाची थंडी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली. म्हणाले, कॉम्प्युटरवर बोलू नकोस, लोक जेवायला उठतील. मग मी कशावर बोलू? तर म्हणाले, त्या काळ्या फोटोवर बोल.

काळा फोटो म्हणजे मी मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर टाकलेला. बोटीवर, अंगभर काळा रबरी सूट, डोक्यावर टोपी, पाठीवर सिलिंडर. त्यावर पहिला प्रश्न आला, ‘हा बेडूक कोण?’ दुसरा आला, ‘यात गुदमरत नाही का?’ आणि तिसरा, ‘अंदमानचं पाणी तर कोमट असतं, मग हा जाड अंगरखा कशाला?’ पहिल्या दोघांना मी अंगठा दाखवून सोडून दिलं. तिसरा प्रश्न मात्र बरोबर होता. त्याचं उत्तर मला स्वतःला तीन दिवस कुडकुडल्यावर मिळालं होतं. ते आज सांगते.

आपण नळदुर्गची माणसं. समुद्र आपल्यापासून लांब, पण पाण्याचं कौतुक आपल्याला कमी नाही. बोरी नदीवरचा किल्ल्यातला बंधारा, 1613 साली इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात पूर्ण झालेला, आणि त्याच्या पोटातला पाणी महाल. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की शाळेची सहल तिकडे ठरलेली. आपण रांगेनं आत उतरायचो, समोरच्या खिडकीबाहेर पाण्याचा पडदा पडत असायचा, आणि आपण कोरडे. सर विचारायचे, डोक्यावरून नदी चाललीय, मग तुम्ही भिजत का नाही? उत्तर कुणालाच देता यायचं नाही, पण त्या खिडकीत उभं राहून मला नेहमी वाटायचं की पलीकडे, पाण्याच्या आत, कसं दिसत असेल?

पाण्यात उतरायचं मात्र जमलं नाही. तुम्ही मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायचात. आम्ही मुली पायऱ्यांवर तुमचे कपडे सांभाळत बसायचो. मी पोहायला शिकले वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पुण्याच्या तलावात, माझ्या मुलाच्या बॅचमधल्या सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर. ती पोरं मला ‘काकू, पाय मारा, पाय’ म्हणून शिकवायची.

त्यानंतर मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणतात, तसं मलाही नेलं. वीसेक मिनिटं. मासे पाहिले, फोटो काढला, थंडी वगैरे काही नाही. तिथेच वेड लागलं. जवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे, हेही तेव्हाच कळलं. पुढे रीतसर प्रशिक्षण घेतलं, डॉक्टरांची तपासणी करून घेतली, आणि अंदमानच्या स्वराजद्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, चार दिवसांची सहल ठरवली. रोज दोन-तीन बुड्या. एकूण दहा.

सूट भाड्याचा घेतला. तीन मिलिमीटर जाडीचा, जुना. कंबरेला ढगळ, मानेशी सैल. मी विचार केला, पाणी 28 अंश आहे, काय फरक पडतो? मालवणला कुठे थंडी वाजली होती?

मनगटावर एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो प्रत्येक बुडीची वेळ, खोली, तापमान नोंदवतो. हवा किती उरली ते मी वहीत लिहायचे, सवयच आहे. पहिल्या दिवसाची पहिली बुडी 52 मिनिटांची, वर आले तेव्हा सिलिंडरमध्ये 70 बार हवा शिल्लक. मजेत. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत थोडं गार वाटलं. बोटीवर वारा होता, ओल्या सुटातच बसून राहिले, जेवणही नीट गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच सूट, रात्रभरात न वाळलेला, परत अंगात चढवला. त्या दिवशीच्या दुसऱ्या बुडीत साधारण विसाव्या मिनिटाला दात वाजायला लागले. तोंडात नळीचा रबरी भाग धरलेला असतो, तोच चावत राहिले.

आमच्या वाटाड्यानं मागे वळून खूण केली. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल, म्हणजे ‘ठीक आहे का?’ मी लगेच तोच गोल करून दाखवला. ठीक आहे. पाच मिनिटांनी परत विचारलं. परत ठीक आहे. प्रत्यक्षात मी आता मासे बघत नव्हते, काहीच बघत नव्हते. दोन्ही हात काखेत घालून फक्त ‘कधी संपेल’ एवढं मोजत होते. आणि मोजायला पाहिजे होती ती गोष्ट, म्हणजे हवा, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. कुडकुडणारं शरीर जास्त श्वास घेतं. वाटाड्यानं स्वतः येऊन माझं गेज पाहिलं आणि बुडी तिथेच थांबवली. 38 मिनिटांत वर आलो. बोटीवर 50 बार शिल्लक ठेवून यायचं ठरलेलं होतं, माझ्याकडे 40 होते. बोटांत इतकाही जोर नव्हता की पट्ट्याचं क्लिप सुटेल. माझ्या जोडीदारानं ते सोडवलं आणि म्हणाली, ताई, तुमचे ओठ निळे पडलेत.

काही झालं नाही, म्हणून आज हसत सांगतेय. पण तिथे आणखी दहा मीटर खोल असतो, किंवा प्रवाह असता, तर हसण्याचा विषय राहिला नसता.

वाटाड्या वयानं माझ्या निम्मा. त्यानं फक्त एवढंच विचारलं, ‘मॅडम, थंडी वाजतेय हे सांगितलं का नाही?’

मला उत्तर देता आलं नाही. रात्री खोलीवर ते आठवलं.

30 सप्टेंबर 1993. आपण आठवीत होतो. पहाटेचे चार वाजायचे होते. किल्लारी, सास्तूरला जे झालं त्या मानानं आपण वाचलो, पण आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला आणि पुढचा सगळा हिवाळा आम्ही अंगणात झोपलो. तुमच्यापैकी अनेक जण झोपले. आमच्याकडे तीन गोधड्या आणि एक सोलापुरी चादर, माणसं सहा. आई आधी खाली ज्वारीची रिकामी पोती अंथरायची, दोन-दोन घड्या करून. मी म्हणायचे, अगं पोती वर घे ना, थंडी वरून लागतेय. ती म्हणायची, ‘थंडी खालनं चढती पोरी, भुई ऊब वढून घेती.’ आणि सगळ्यांना पांघरूण पुरवून झालं की स्वतः पदर गुंडाळून कडेला. विचारलं की एकच वाक्य. ‘मला न्हाई वाजत थंडी.’ त्या डिसेंबरात तिला न्यूमोनिया झाला, सोलापूरला बारा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांना कळेना की बाई इतके दिवस अंगावर काढत का राहिली.

मी पाण्याखाली बोटांचा गोल करून आईचंच वाक्य म्हणत होते.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कोमट पाण्यात थंडी का वाजते?

आपलं अंग 37 अंश, पाणी 28. नऊ अंशांचाच फरक. पण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून घेतं. 28 अंशांच्या हवेत आपण पंखा लावतो, 28 अंशांच्या पाण्यात तासभर राहिलं की शरीर तोट्यात जातं. आई भुईबद्दल जे सांगत होती तेच. त्यात भर म्हणजे सिलिंडरमधली हवा कोरडी आणि गार, प्रत्येक श्वासाबरोबर ती शरीरातली ऊब नि ओलावा घेऊन जाते.

आणि हा तोटा रोजच्या रोज भरून निघत नाही. माझ्या धंद्यातलं एकच उदाहरण देते, संयोजकांनी माफ करावं. एखादा प्रोग्राम चाचणीत तासभर उत्तम चालतो. पण दर वेळी थोडी मेमरी घेतो नि परत करत नाही. चौथ्या दिवशी पहाटे तीनला कोसळतो, आणि आम्हाला झोपेतून उठवतात. आम्ही म्हणतो, काल तर चालत होता! माझं तसंच झालं. तापमापकानं तिन्ही दिवस 28 च दाखवलं. बदलत होतं ते माझं शरीर. अपुरी झोप, अपुरं जेवण, बोटीवरचा वारा, ओला सूट, हे सगळं साठत गेलं.

म्हणून सूट निवडताना पहिल्या दिवसाची पहिली बुडी डोळ्यांसमोर ठेवायची नाही. शेवटच्या दिवशी, शेवटच्या बुडीत, थकलेल्या अंगाला जो पुरेल तो घ्यायचा. माझ्या भाषणातलं एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

हा सूट म्हणजे पाणी महाल नव्हे. यात आपण कोरडे राहत नाही. त्याचं नावच वेटसूट, ओला सूट. आत पाण्याचा एक पातळ थर शिरतो, अंगाच्या उबेनं तो गरम होतो. पण खरं काम करतं ते कापड. निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर, 1930 साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत तयार झालेलं. त्याचा फेस करून त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे कोंडलेले असतात. 1950 नंतर लवकरच कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं ओळखलं की पाणबुड्याला ऊब द्यायची तर त्याला कोरडं ठेवायची गरज नाही, कापडातच वायू कोंडला म्हणजे झालं. हेच ब्रॅडनर आधी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होते. माणसाच्या हातून काय काय होतं बघा.

सूट गावी आणला तेव्हा आईनं चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, ‘ही तर रबराची गोधडी.’ बरोबर आहे. गोधडी ऊब देते ती जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. आणि गोधडीचा जो भाग आपल्या अंगाखाली दबतो तो ऊब देत नाही, म्हणून खाली पोती लागतात. सुटाचंही तेच. विज्ञानाच्या सरांनी आपल्याकडून बॉइलचा नियम घोकून घेतला होता. दाब दुप्पट, आकारमान निम्मं. सर, मला तेव्हा वाटलं होतं की याचा आयुष्यात उपयोग नाही. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. रबर स्वतः दबत नाही, म्हणून हिशेब तंतोतंत लागत नाही, पण आतले बुडबुडे आक्रसतात आणि सूट पातळ होतो. म्हणजे जिथे जास्त खोल जावं तिथेच ऊब कमी. आणि शेकडो बुड्या झालेल्या जुन्या सुटात बुडबुडे कायमचे चेपलेले असतात. लेबलवर तीन मिलिमीटर लिहिलेलं असतं, हाताला दोनच लागतं. भाड्याचा सूट घेताना आधी कोपर आणि गुडघा चिमटीत धरून बघा.

आता निवडीचं सांगते.

पहिलं, जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. सैल सुटात गरम झालेलं पाणी प्रत्येक हालचालीला बाहेर जातं आणि नवं गार पाणी आत येतं. पाच मिलिमीटरचा ढगळ सूट तीन मिलिमीटरच्या नेमक्या सुटापुढे हरतो. घालून बघताना चार जागा तपासायच्या, मान, काखा, मनगटं आणि कंबरेच्या वरची पाठीची पन्हाळ. आपल्या बायकांचं पाणी हमखास तिथूनच शिरतं. उकिडवं बसा, हात डोक्यावर न्या, दीर्घ श्वास घ्या. श्वास अडला तर सूट लहान आहे, पाठीशी पिशवी फुगली तर मोठा. बायकांसाठी वेगळ्या कापाचे सूट येतात, तेच मागा. मला पहिल्या दुकानात ‘मॅडम, पुरुषांचा स्मॉल चालेल की’ असं सांगितलं. नाही चालत. लाजायचंही नाही. मी दोन दुकानं नि सात सूट घालून पाहिले, घामानं निथळले, मग एक मिळाला. पाय आत जात नसेल तर पायाला प्लास्टिकची पिशवी घाला, सुळकन जातो.

दुसरं, जाडी. मालवणला एखादी बुडी असेल तर तीन पुरतो. चार दिवस, रोज तीन बुड्या असतील तर माझ्यासारख्या थंडी लवकर वाजणाऱ्यानं त्याच पाण्यात पाच घ्यावा. शेजारचा बनियनवर उतरतोय म्हणून आपण लाजू नये. प्रत्येकाचं अंग वेगळं. पण जाड सूट जास्त तरंगतो, त्यामुळे कंबरेला शिशाची वजनं वाढवावी लागतात आणि खोल गेल्यावर तो दबला की तरंगणं एकदम कमी होतं. म्हणून नव्या सुटाची पहिली बुडी उथळ पाण्यात, वजन जुळवण्यासाठीच ठेवायची.

तिसरं, थर. मी पाच मिलिमीटरच्या आत घालायला टोपी जोडलेलं पातळ जाकीट घेतलं. पहिल्या दिवशी ते पिशवीतच राहतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगात. टोपीनं मान झाकली जाते आणि मानेतून येणारं पाणी थांबतं. एवढ्याशा कापडानं पडलेला फरक मोठा होता.

चौथं, पाण्याबाहेरची निगा. वर आल्यावर सूट कंबरेपर्यंत उतरवा, अंग पुसा, वारा न लागणारं जाकीट घाला. अर्धी उष्णता मी बोटीवरच घालवत होते. गरम काहीतरी प्या. पाण्यात लघवी जास्त होते, म्हणून काही बायका पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. संध्याकाळी सूट गोड्या पाण्यात धुऊन उलटा करून सावलीत टांगा, कडक उन्हात रबर तडकतं. सकाळी ओलाच राहिला तर तो अंगात घालून बोटीवर वाऱ्यात बसू नका, उडी मारायच्या आधी घाला.

आणि पाचवं, हे फक्त सुखासाठी नाही. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. शेवटी शेवटी अंग गारठलं तर हातापायांचा रक्तप्रवाह आखडतो, नायट्रोजन बाहेर पडायला उशीर लागतो आणि आजाराचा धोका वाढतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांतही हे दिसलं आहे. म्हणून थंडी वाजली तर बुडी संपवायची. सलग दिवस बुड्या झाल्यावर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा.

सुटाला एका बऱ्यापैकी पैठणीइतके पैसे गेले. घरात चर्चा झाली. मी म्हटलं, पैठणी मी वर्षातून दोनदा नेसते, हाही दोनदाच घालेन, हिशेब सारखाच.

गेल्या वर्षी तोच समुद्र, तेच चार दिवस. तुम्ही पाहिलेला फोटो त्या वेळचा. चौथ्या दिवशी, दहाव्या बुडीत, मी एका खडकासमोर सात-आठ मिनिटं स्थिर होते. एक अष्टपाद खडकासारखाच रंग धरून बसला होता. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, रंग बदलला, परत खडकासारखा झाला. आधीच्या सहलीत अशाच खडकांवरून मी काखेत हात घालून गेले होते. मला काहीच दिसलं नव्हतं. पाणी महालाच्या खिडकीत जे वाटायचं, पलीकडे कसं दिसत असेल, ते मला त्या दिवशी दिसलं.

आणि चाळिसाव्या मिनिटाला, एवढा सगळा सूट असूनही, पाठीतून गार शिरशिरी आली. थंडीची एक खूण असते. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळायचे. मी खूण केली. वाटाड्यानं मान डोलावली, अंगठा वर केला, म्हणजे चला वर. बाकीचे तिघेही मुकाट्यानं वर आले. बोटीवर चहा घेताना त्यातला एक जण, चांगला दांडगा गडी, हळूच म्हणाला, ‘बरं झालं ताई तुम्ही सांगितलं, मीपण गारठलो होतो.’

आई आता 74 वर्षांची आहे. परवा इथे आले तर बाजेवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन. मी विचारलं, थंडी वाजतेय का? सवयीनं म्हणाली, न्हाई. मी काही न बोलता तिच्यासमोर उभी राहून दंड चोळायची ती खूण केली. तिला ती मी शिकवून ठेवली आहे. हसली, आणि तिनंही केली. मग मी गोधडी आणली.

तो सूट मी आज बरोबर आणलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय. हात लावून बघा, चिमटीत धरून बघा, कुणाला घालून बघायचा असेल तर प्लास्टिकची पिशवी माझ्याकडे आहे. आणि डिसेंबरातली संध्याकाळ आहे, मंडपाच्या कडेला बसलेल्या सर-बाईंपैकी कुणाला गार वाटत असेल तर कृपया सांगा. शाली सत्कारासाठी आणलेल्या आहेत, त्या आधीच देऊन टाकू.